डोळ्याची उंची

थोरल्या जावेने एक डोळा मिटला, दुसरा नळीला लावला आणि सुकलेल्या निलगिरीचा शेंडा नळीत पकडला. पुठ्ठ्याचा कोनमापक, त्याच्या सरळ कडेला चिकटवलेली पेनाची रिकामी नळी, मधोमध ओवलेला दोरा आणि दोऱ्याला लोंबणारा लोखंडी नट. हे यंत्र तिने सकाळी स्वयंपाकघरात बसून स्वतः केलं होतं. एकेक पाऊल मागे सरत ती थांबली. दोरा बरोबर पंचेचाळीस अंशांवर आला होता.

"इथे ठोका," ती करवतवाल्याला म्हणाली. "टॅन पंचेचाळीस म्हणजे एक. खोडापासून मी जितकी लांब, तितकंच झाड उंच. शेंडा या खुंटीपाशी पडेल, बोटभरही पलीकडे जायचा नाही."

करवतवाल्याने तिच्या पायाशी खुंटी ठोकली. झाड थोरलीच्या अंगणात, अगदी कुंपणाला लागून होतं, पण तिच्या बाजूला विजेच्या तारा. त्यामुळे ते पाडायचं ते धाकट्या जावेच्या मोकळ्या परसात. झाड पाडायला हवं यावर दोघींचं एकमत झालं, ही एवढीच एक गोष्ट. एरवी दोघींतून विस्तव जात नव्हता. हरवलेल्या बांगडीपायी थोरलीने चारचौघांत धाकटीची ट्रंक उपडी केली होती. बांगडी पुढे थोरलीच्याच कपाटामागे सापडली. तिने ती मुकाट्याने हातात चढवली, पण 'चुकलं' एवढा शब्द काही तिच्या तोंडून निघाला नाही. तेव्हापासून बोलायची वेळ आलीच तर तिसऱ्यामार्फत.

"त्यांना विचारा," धाकटी ओट्यावरून करवतवाल्याला म्हणाली, "आणि गणित चुकलं तर?"

"तिला सांगा," थोरली करवतवाल्यालाच म्हणाली, "जन्मभर पोरांना हेच शिकवलं मी. माझं गणित चुकत नाही."

"बरं झालं," धाकटी म्हणाली आणि आत गेली.

करवतवाल्याने आवाज अडवायच्या टोप्या कानांवर चढवल्या. "खोडाआडून मला पलीकडचं दिसत नाही, बाई. तुम्ही अशा कडेला उभ्या राहा. हात वर केलात की मी थांबतो."

मशीन सुरू झालं. भुसा उडायला लागला. तेवढ्यात धाकटी बाहेर आली, हातात लाकडी स्टूल घेऊन. खुंटीच्या एक पाऊल पलीकडे तिने ते ठेवलं आणि झाडाकडे तोंड करून त्यावर ऐसपैस बसली.

थोरलीचा हात शिवशिवला. पण हात वर करायचा म्हणजे आपल्याच गणितावर शंका घ्यायची, तीही या बयेच्या समोर. बसू दे मेलीला, ती मनात म्हणाली. शेंडा पुढ्यात आपटला की बोबडी वळेल.

धाकटीने मुठीची नळी केली आणि ती डोळ्याला लावून थोरलीची नक्कल सुरू केली. शेंडा शोधता शोधता तिची मान मागे गेली, आणखी मागे गेली. थोरली बघत राहिली. जवळजवळ तिथेच उभं राहून शेंडा बघताना तिला स्वतःला एवढी मान टाकावी लागली नव्हती. बसल्यावर डोळा खाली गेला आणि कोन वाढला.

थोरलीने हातातल्या यंत्राकडे पाहिलं. नळी तिच्या पायाला बांधलेली नव्हती, डोळ्याला लावलेली होती. झाड जे मोजलं ते तिच्या डोळ्यापासून वरचं. खालचं मोजायचं राहूनच गेलं. ही चूक करणाऱ्या पोरांना ती भर वर्गात उभं करायची. "डोळ्याची उंची कोण मिळवणार, तुझा बाप?"

तिने हात वर केला. बांगडी मनगटावरून कोपराकडे घसरली.

मशीन थांबलं. त्या शांततेत खोड कुरकुरलं.

"काय झालं, बाई?" करवतवाला खोडाआडून ओरडला. "लवकर बोला, झाड सुटायला आलंय!"

"ऊठ तिथून," थोरली धाकटीला म्हणाली.

धाकटी हलली नाही. "का? गणित चुकलं?"

आजूबाजूच्या खिडक्यांतून माणसं वाकून बघत होती. खोड पुन्हा कुरकुरलं.

"अगं, ऊठ म्हणते ना!"

"चुकलं का, ते सांगा."

"चुकलं."

"ऐकू नाही आलं."

"चुकलं माझं, बये! चुकलं! आता तरी ऊठ!"

धाकटी उठली. पदर झटकला, स्टूल तिथेच ठेवलं आणि बाजारातून परतल्यासारखी सावकाश चालत थोरलीपाशी येऊन उभी राहिली. थोरलीला तिचा असा राग आला की चप्पल काढून हाणावी, आणि ती जिवंत चालत आली म्हणून हायसंही वाटलं. तिने हात खाली घेतला.

मशीन पुन्हा घरघरलं. झाड कुंपण चिरडत आडवं झालं आणि परसभर धुरळा उडाला. धुरळा बसला तेव्हा खुंटी दिसेना. शेंडा तिच्यावरून पलीकडे गेला होता आणि स्टुलाचे तुकडे झाले होते. खिडक्यांतले सगळे त्या तुकड्यांकडे बघत राहिले.

धाकटीने तिकडे मान वळवूनही पाहिलं नाही. ती थोरलीच्या मनगटाकडे बघत होती.

"झाडाचं झालं, जाऊबाई," ती म्हणाली. "बांगडीचं राहिलं."