ताठ मानेचं इंग्रजी

शब्दकोश तिसऱ्यांदा पडला.

"परत," कुगाबाई म्हणाल्या.

मुरोतांनी शब्दकोश उचलला, झटकला, डोक्यावर ठेवला आणि पुन्हा भिंतीला पाठ लावली. टाचा भिंतीला, खांदे भिंतीला, डोकं भिंतीला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, कारखान्याच्या तपासणी विभागाचा प्रमुख, शिक्षा झालेल्या पोरासारखा उभा.

"आपल्या दुःखाची आम्हाला जाणीव आहे," ते इंग्रजीत म्हणाले. वाक्य बरोबर, उच्चार बरोबर. पण 'दुःख' आलं की मान आपोआप पुढे झुकायची. शब्दकोश धपकन खाली.

"मुरोतासान, अहो तोंडानं बोला, मणक्यानं नको!" कानेमारु हसले. ते मुख्य कचेरीतले, कायदा विभागाचे. सहा आठवडे प्रत्येक तासाला कोपऱ्यात खुर्ची टाकून बसत होते. "तिकडे अमेरिकेत वाकणं म्हणजे कबुली. समोरचा वकील विचारणार, चूक नव्हती तर मान खाली का घातली? मग काय सांगाल, जपानी आहे म्हणून?"

प्रकरण होतं चाकाच्या खुर्चीच्या ब्रेकचं. अमेरिकेत एका उतारावर लागला नाही. खुर्चीत एकवीस वर्षांची मुलगी होती, ती वाचली नाही. आणि त्या ब्रेकच्या तपासणीच्या कागदावर मुरोतांचा शिक्का होता. लाल, गोल, ठसठशीत.

सोमवारी नारिताहून विमान. मुलीची आई टेबलापलीकडे समोर बसणार. दुभाषा नको, माणूस स्वतःच्या तोंडानं बोलला की बरं दिसतं, असं कंपनीनं ठरवलं. त्यानं काय बोलायचं तेही कंपनीनंच ठरवलं. अकरा वाक्यं. शहाण्या लोकांनी बसून लिहिलेली, त्यामुळे अकराही वाक्यांत कुणाचीच चूक नव्हती.

कुगाबाईंनी वीस वर्षांत लोकांना हॉटेलातलं इंग्रजी शिकवलं, मुलाखतीतलं शिकवलं, माल खपवायचं शिकवलं. वाकू नका, हे पहिल्यांदाच शिकवत होत्या. भिंतीची युक्ती त्यांचीच. कानेमारुंना ती इतकी आवडली, की पुढच्या वर्षीचे कंपनीचे सगळे वर्ग त्यांनी बाईंना देऊन टाकले.

कानेमारुंचा फोन वाजला. ते उठून बाहेरच्या व्हरांड्यात गेले. खोलीला त्या बाजूनं काच होती.

"बाई," मुरोता हळूच म्हणाले. डोक्यावर शब्दकोश होता, म्हणून नुसते ओठ हलवत. "एक बारावं वाक्य द्या ना."

"कुठलं?"

"त्या दिवशी तीनशे ब्रेक आले होते. मी दोनशे बघितले. उरलेल्यांवर नुसता शिक्का मारला. त्या आईला एवढंच सांगायचंय. की मी बघितलं नाही. सोपं करून द्या हं. मोठं माझ्या डोक्यात राहत नाही."

वाक्य सोपंच होतं. पहिल्या महिन्यातल्या विद्यार्थ्यालाही जमलं असतं. बाईंच्या जिभेवर ते आलंसुद्धा. काचेपलीकडे कानेमारु कानाला फोन लावून उभे होते. डोळे आत.

"आधी अकरा तर पक्की होऊ देत," बाई म्हणाल्या.

मुरोतांनी 'बरं' म्हणूनही मान हलवली नाही. शब्दकोश होता ना.

कानेमारु आत आले. "हं, चला. एकदा सलग होऊन जाऊ दे. आणि मुरोतासान, इथल्या चारशे घरांच्या चुली तुमच्या मानेवर आहेत, एवढं लक्षात असू द्या."

मुरोतांनी डोळे समोरच्या घड्याळावर लावले. पहिलं वाक्य. दुसरं. तिसऱ्यात 'दुःख' आलं आणि गेलं. चौथं. दहाव्यात मुलीचं नाव होतं. तेही आलं आणि गेलं. अकरावं.

शब्दकोश जागचा हलला नाही.

"वा! पुतळा झालात की हो!" कानेमारुंनी टाळ्या वाजवल्या. मग ते बाईंसमोर आले, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून कमरेतून खोल वाकले. "बाई, कंपनी तुमची ऋणी आहे." मुरोतांपुढेही वाकले. सहज, घाम पुसावा तसे. आणि खाली गाडी काढायला निघून गेले.

त्यांची पावलं जिन्यात विरेपर्यंत बाई थांबल्या. मग भिंतीजवळ गेल्या.

"मुरोतासान, ते बारावं वाक्य. सांगते. माझ्यामागून म्हणा."

"नको बाई."

"चारच शब्द आहेत हो."

"नको. आता जमलंय." मुरोता घड्याळाकडे बघत होते. त्यांचा आवाज अकरा वाक्यांचाच होता, सपाट, स्वच्छ, कुठेही जोर नसलेला. "आता बिघडवू नका."

बाई एक पाऊल मागे सरल्या. त्या वाकल्या. गिऱ्हाइकापुढे वाकतात तशा नाही. मेलेल्या माणसाच्या घरी वाकतात तितक्या खाली, आणि तशाच राहिल्या. अशा वाकण्याला समोरच्यानं वाकून उत्तर द्यायचंच असतं. मुरोता तर टेलिफोनवर बोलतानाही वाकायचे, अख्खा कारखाना त्यावरून त्यांची टिंगल करायचा.

बाईंना फक्त त्यांचे बूट दिसत होते. टाचा भिंतीला टेकलेल्या.

त्या शब्दकोश पडायची वाट बघत राहिल्या.

शब्दकोश पडला नाही.