म्हशीची लाथ

"एवढं समदं कापायचं?" नानासोंनी दुसऱ्यांदा विचारलं.

"समदं," शिवतेज म्हणाला. "मडगार्ड, सीट, हँडल. टाकीचा लाल रंगबी नको. बघणारा म्हनला पायजे, ही गाडी कवा बघितलीच न्हाई."

मिरजेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये टेम्पोतून नुकतीच उतरवलेली बुलेट उभी होती. एकोणऐंशी सालची. शिवतेजचे वडील, मानसिंग सुभेदार, यांनी ती पलटणीतल्या एका साहेबाकडून घेतली होती. उंब्रजजवळच्या त्यांच्या गावात लोक म्हणायचे, सुभेदार एक वेळ जेवायला विसरतील, पण बुलेट पुसायला नाही. अशा माणसानं तिला करवत लावायला आपण होऊन सांगावं, हे आक्रीतच होतं.

पण सांगितलं होतं खरं. शिवतेज सैन्यात भरती झाला होता आणि एक मेला त्याला ट्रेनिंगला हजर व्हायचं होतं. त्याच्या आत गाडी कापून तिची हलकी, वाकून पळवायची कॅफे रेसर झाली पाहिजे, असा वडिलांचा हुकूम होता. सुभेदारांच्या घरात हुकमाला 'का' विचारायची पद्धत नव्हती.

नानासो मूळचे आटपाडीकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. तीस वर्षं त्यांनी मिरजेत साध्या बुलेटी दुरुस्त केल्या. यंदा मध्ये दीड महिना दुकान बंद होतं. शिमग्याला उघडलं ते थेट कॅफे रेसर बनवायलाच. साठीच्या माणसाला हे पोराटोरांचं खूळ कुठून लागलं म्हणून गल्ली हसली. पण म्हाताऱ्याच्या हातात कसब होतं. मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ गावोगाव फिरत होता. त्यात नानासो एवढंच म्हणायचे, "जुनी बुलेट आना. मालकालाबी वळकू यायची न्हाई, अशी करून देतो." शिवतेजनं तो व्हिडिओ कितीदा पाहिला होता, त्याला गणती नव्हती.

नानासो गाडीभोवती एक फेरी मारून हेडलाइटपाशी थांबले. काच अर्धीच उरली होती. कडं आत दबलं होतं.

"ह्ये कशानं?"

"गोठ्यात ठिवलेली. म्हशीनं लाथ मारली."

"म्हस लय उंच दिसती तुमची," नानासो म्हणाले. शिवतेज हसला. तेही हसले.

निघताना त्यानं भरतीचे पेढे पुढे केले. साताऱ्याचे कंदी पेढे, नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही. नानासोंनी पुडा हलकेच मागे सारला. यंदा गोड खात नाही, म्हणाले. शिवतेजला वाटलं, म्हाताऱ्याला साखर असणार. पुढच्या खेपेला त्यानं शेव-चिवडा आणला. पोरगा तसा जाणता होता.

मग दर रविवारी तो एसटीनं मिरजेला येऊ लागला. बुलेट हळूहळू कात टाकत होती. वाकून धरायचं खालचं हँडल बसलं. दोघांची सीट जाऊन एकट्याची आली, तिला मागे छोटं कुबड. पाय ठेवायचे दांडे मागे सरकले. मडगार्ड तर गेलंच. काढलेला एकेक भाग नानासो तारेनं भिंतीला टांगून ठेवत होते. शिवतेजला ते खुपायचं. भंगारात घाला की, असं त्यानं दोनदा सुचवलं.

"आमच्यात मेंढरू मेलं तरी त्याची घंटा लगीच टाकत न्हाईत," नानासो म्हणाले. "वरीस सरू द्यावं लागतं."

त्यांना एवढीच खोड होती. बाकी माणूस मायाळू. शिवतेजला त्या शेडमध्ये बरं वाटायचं, आणि तसं वाटायला दुसरी जागा उरली नव्हती. पौषापासून वडील त्याच्याशी कामापुरतं बोलत होते. भरतीचं पत्र आलं, तेव्हाही पाठीवर हात पडला नाही. पत्र वाचून त्यांनी घडी घातली आणि गोठ्यात निघून गेले. आई ताट वाढून आत जायची. पोराच्या काळजाला घरं पडली होती.

"बाप बोलंना व्हय?" एकदा नानासोंनी स्पॅनर फिरवत विचारलं.

"बोलतील. गाडी झाली की बोलतील."

नानासोंनी मान हलवली आणि बोल्ट आवळला.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी गाडी तयार झाली. राखाडी टाकी, हेडलाइट नवा, चाकं उघडी. शिवतेज तिच्यावर वाकून बसला आणि त्याचे डोळे भरून आले. जुन्या बुलेटची एकही खूण राहिली नव्हती. आता ही गाडी दारात उभी करायची, वडिलांच्या पाया पडायचं आणि परवा बॅग उचलायची. कित्येक महिन्यांनी त्याला मोकळा श्वास आला.

"नाना, वळकू येतीया का?"

"तिला? न्हाई."

त्यानं खाली उतरून पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. "आवं, आज तरी एक खावा. एका पेढ्यानं काय साखर वाढत न्हाई."

"मला साखर कवाच नव्हती," नानासो म्हणाले.

ते भिंतीकडे गेले. जुना हेडलाइट तारेवरून उतरवून त्यांनी बाकावर ठेवला. मग ड्रॉवरमधून हिरव्या लुगड्याची एक चिंधी काढली आणि सावकाश गाठ सोडली. आत काचेचा तुकडा होता.

"माझी बायकू, धोंडू. पौषात तिच्या भावाच्या मेंढरांमागं उंब्रजच्या रानाला गेलती," ते काचेकडे बघत म्हणाले. "रस्त्याकडंला मेलेली घावली. ह्ये पदरात अडकलं व्हतं. ह्येची जोडी घावंपातुर गोड सोडलं."

त्यांनी तुकडा हेडलाइटच्या अर्ध्या काचेला लावला. तो केसाचीही फट न राहता बसला.

"आता आन त्यो पेढा."