सगळ्यात कमी आकडा

शाश्वत विकासाच्या तासाला बाईंनी मुलांना घरात लागणाऱ्या विजेचा, पाण्याचा आणि पेट्रोलचा तक्ता करायला सांगितला. कपडे शिवून घर चालवणाऱ्या एका आईच्या लेकीचा आकडा वर्गात सगळ्यात कमी आला. इतका कमी, की गणित चुकलं असेल म्हणून बाईंनी वही दोनदा परत पाठवली. गणित बरोबरच होतं.

मग पालकसभेत मुख्याध्यापिकांनी त्या आईला मंचावर बोलावलं. घरात फ्रिज नाही, गाडी नाही, दोघींत एकच दिवा, हे त्यांनी माइकवरून इतक्या कौतुकाने वाचून दाखवलं, की आईला कुठे तोंड लपवावं कळेना. वर, पुढचा आठवडाभर प्रत्येक कुटुंबाने यांच्यासारखं राहायचं, असं जाहीर झालं. पालकांनी हौसेने नावं दिली.

"ताई, तुम्हाला काही सांगायचंय?" मुख्याध्यापिकांनी माइक पुढे करत विचारलं.

"सांगायचं नाही, विचारायचंय," आई घसा खाकरून म्हणाली. "आठवडाभर यांचे फ्रिज, एसी, गाड्या नुसत्या पडून राहणार. काही वाया घालवू नये, असं तुम्हीच शिकवता. मग तेवढे दिवस आम्ही मायलेकी यांच्यापैकी कुणाकडे राहायला गेलो तर चालेल का?"