शिंप्याच्या बोटातली गाठ

चहात बुडवलेलं बिस्किट मोडलं आणि लगदा टेबलावर पडला. मोठ्या सरांनी तो बोटाने उचलला, चाटला आणि त्याच बोटाने मायक्रोस्कोपचं चाक फिरवलं. शेजारी उभ्या धाकट्या डॉक्टरणीने नाक मुरडलं.

"सर, ही शिंपीकाकांच्या बोटातली गाठ. गेल्या वर्षी काढलेल्या तुकड्याचीच काच. तुम्ही 'साधी जखम' लिहिलं होतं."

"मग? शिंप्याला सुई टोचणारच. जखमेभोवती अशा गुबगुबीत पेशी जमतात. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं ते."

"कॅन्सरच्याही अश्शाच दिसतात. बहुरूपी मेल्या! म्हणून तर रंग चढवून बघायचं. मी त्याच तुकड्यावर काल चढवला. साध्या पेशी पोटात तपकिरी होतात. ह्या ठार कोऱ्या राहिल्या. म्हणजे तेव्हाच कॅन्सर होता."

सरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावलाच नाही. "गाठी आता कोपरापर्यंत गेल्यात. मढं उकरून त्याचा हात वाचणार आहे का? नव्या रिपोर्टात नवंच लिही. जुन्याचं नाव काढू नकोस."

तेवढ्यात शिंपीकाका दारात आले. उजवा हात डाव्याने सांभाळून धरलेला, शेजाऱ्याचं तान्हं बाळ धरावं तसा.

"या, या!" सरांच्या आवाजात एकदम साखर. "काय हे काका? दुखणं असं अंगावर काढतात का? वेळेवर आला असतात, तर बोटावर निभावलं असतं. आता हातच काढावा लागणार बहुतेक."

काकांनी मान खाली घातली. "चुकलंच माझं, साहेब."

डॉक्टरणीने सरांकडे पाहिलं. रोज कापलेल्या, कुजलेल्या मांसात हात घालणारी ती. पण एवढी किळस तिला कधी कशाची आली नव्हती.

"काही चुकलं नाही तुमचं," ती म्हणाली. "तुम्ही वेळेवरच आला होतात, काका. चूक इथे झाली. बसा, दाखवते."

"अगं ए..." सर अर्धे उठले.

तिने आधी कुणाच्या तरी साध्या जखमेची काच लावली, मग काकांची गेल्या वर्षीची, तो तपकिरी रंग न चढवलेली. काकांनी एक डोळा गच्च मिटून बराच वेळ पाहिलं. शेवटी ओशाळून हसले.

"मला मेल्याला दोन्ही सारख्याच दिसतात हो, बाई."

"ऐकलंस?" सर फुलले. "सारख्याच दिसतात!"

"तुम्हाला दिसल्या तर चालतं, काका," ती म्हणाली. बघत मात्र ती सरांकडे होती.