गुरुवारचं काम

निनाद जाऊन आठवडा झाला, तरी संगणकातली त्याची छाया त्याच्याच आवाजात ऑफिसचं काम करत होती. शेवटी त्याच्या बायकोने, केतकीताईंनी, साहेबांना फोन करून तो गेल्याचं कळवलं.

"फार वाईट झालं, वहिनी. पण कामाची काळजी नको, छाया सांभाळतेय."

"आणि गुरुवारचं काम? ते छायेला जमत नाही, म्हणून तो स्वतः यायचा ना?"

साहेब घुटमळले. "ते छायेने आधीच केलेलं असायचं, वहिनी. नुसतं घरी बसून माणसं खचतात, म्हणून कंपनी असं एक काम सगळ्यांनाच देते."

मागच्या वर्षी नातवाचं बारसं नेमकं गुरुवारी आलं होतं. केतकीताईंनी किती विनवलं. पण "मी नसलो तर तिकडे सगळं अडेल गं," म्हणत निनाद इस्त्रीचा शर्ट चढवून निघाला होता. आणि किती खुशीत होता!