मातीचा सूर्य
अमेरिकेतल्या आमच्या चँडलर गावच्या मेक्सिकन बाजारात, मातीचे सूर्य टांगलेल्या स्टॉलपाशी सासूबाई अर्धा तास उभ्या होत्या. सहा महिने आमच्याकडे राहून परवा त्या नागपूरला परत निघणार होत्या. “हा बरा की तो गं?” त्या मला विचारत, आणि मी ज्यावर बोट ठेवीन तो सोडून दुसराच हातात घेत. शेवटी निळ्या गालांचा एक हसरा सूर्य पसंत पडला. “फॉर डॉटर?” सूर्य रंगवत बसलेल्या बाईने विचारलं. “येस, येस, डॉटर!” सासूबाई खुलल्या. बाईने हसून तो सरळ माझ्या हातात ठेवला. मी तो क्षणभर छातीशी धरला. “अगं, तुझा नाही, आश्लेषाचा आहे तो,” म्हणत त्यांनी अलगद काढून घेतला. आश्लेषा म्हणजे माझी मोठी जाऊ. “तू काय, इथलीच. कधीही येऊन घेशील.” बाईने सूर्य वर्तमानपत्रात गुंडाळला. “कागदाने काय होतंय? किरण मोडतील त्याचे,” म्हणत सासूबाईंनी अंगावरची शाल काढली आणि त्याला लपेटली. त्यांच्या पंचाहत्तरीला मीच दिलेली शाल. गाडीत त्यांनी ते गाठोडं मांडीवर घेतलं आणि त्याच्यावरून सीट बेल्ट लावला. “आज हळू चालव हं,” त्या म्हणाल्या, “आश्लेषाची वस्तू आहे.” मी हो म्हटलं. पार्किंगमधून बाहेर पडताना समोर स्पीड ब्रेकर दिसला. माझा पाय ब्रेकवर गेलाच नाही.