रोपलावणीची सकाळ

गुंद गावातल्या शेतावरच्या निवासी शिबिरात पहिल्याच सकाळी देवकीअक्कांनी सगळ्यांना कामं वाटून दिली. कुणाकडे चूल आली, कुणाकडे गोठा. बेळगावची मृण्मयी मात्र ओसरीवर नुसतीच बसून राहिली.

"अक्का, मला काहीच करावंसं वाटत नाही."

"नको करूस. हिला तेवढं धर, मला रोप लावायला जायचं हाय," म्हणत अक्कांनी आपली तान्ही नात तिच्या मांडीवर ठेवली आणि त्या शेतात उतरल्या. एकदाही त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

मृण्मयी हललीही नाही. हळूहळू पोर झोपून गेली.

तिचं स्वतःचं बाळ पाळण्यातच गेलं होतं आणि तेव्हापासून नात्यातलं कुणीही आपलं मूल तिच्या हातात देत नव्हतं, हे तिनं आदल्या संध्याकाळीच अक्कांना सांगितलं होतं.